जोडून दाखवा

४ नोव्हेंबर

आज शिक्षकांच्या बैठकीत मी तोंड उघडलं. इथे लागल्यापासून पहिल्यांदाच.

विषय विज्ञान प्रदर्शनाचा होता. भौतिकशास्त्राचे सर खुर्चीत रेलून म्हणाले, "यंदा पहिलं बक्षीस पूल बांधणाऱ्या कंत्राटदारांना, दुसरं हृदयाच्या डॉक्टरांना आणि उत्तेजनार्थ त्या जाहिरातवाल्या बाईंना. मुलांची नावं मागाहून घाला." सगळे हसले. मीही हसले. गेल्या वर्षीचे फोटो मी पाहिले आहेत. एका मुलाच्या पवनचक्कीसमोर तो स्वतः असा उभा आहे, जणू तिकीट काढून बघायला आलाय.

मग मी म्हणाले, "मुलांना वस्तू सुटी करून आणायला सांगू या. सभागृहात, परीक्षकांसमोर जोडून दाखवायची. ज्याने केलीय त्याला जोडता येईलच."

प्राचार्यबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कल्पना कुणाची?"

"माझीच," मी म्हणाले.

ते खरं नाही. कल्पना अण्णांची. अण्णा शिलाई मशीन दुरुस्त करतात. लहानपणी ते अख्खं मशीन खोलून फडक्यावर मांडायचे आणि मला म्हणायचे, "बसव बघू." आमच्या घरात शाळेचं तोंड मीच पहिल्यांदा पाहिलं, पण परीक्षा कशी घ्यायची हे मला अण्णांनी त्या फडक्यावर शिकवलं. बैठकीत हे सांगितलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, वडील काय करतात? म्हणून "माझीच" म्हणाले. एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलायची गरज नव्हती.

७ नोव्हेंबर

नियम पालकांना कळला आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भडका उडाला. मधल्या सुट्टीत सरांनी सगळं नाटकी आवाजात वाचून दाखवलं.

"वाटेत एखादा स्क्रू हरवला तर जबाबदार कोण?"

"नव्या मॅडमना स्वतःची मुलं नसावीत."

"माझा मुलगा काय मेकॅनिक होणार आहे?"

हे शेवटचं मी सरांच्या हातातून फोन घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, नियम बदलणार नाही. आवाज जरा चढला असावा. सरांनी भुवया उंचावल्या.

फक्त दातांच्या डॉक्टरबाईंनी काही लिहिलं नाही. एरवी पहिला निरोप त्यांचाच असतो. त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात आहे. इतकी हळू बोलते, की मुलं तिला म्याऊ म्हणतात. तिचा प्रत्येक प्रकल्प आईच करते, हे शाळेत शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे.

"दातवाल्या बाई गप्प?" सर म्हणाले. "म्हणजे काहीतरी भारी शिजतंय."

९ नोव्हेंबर

तास संपल्यावर म्याऊ टेबलाशी येऊन उभी राहिली. वर्ग रिकामा होईपर्यंत बोललीच नाही.

"मॅडम, माझं सुटं नाही होणार."

"का?"

"ते ओतलेलं आहे. एकात एक."

"मग वेगळं कर."

"तोडावं लागेल."

"तू केलंयस ना? मग जोडताही येईल."

"येईल. पण वाळायला वेळ लागतो, मॅडम. लगेच नाही होत."

मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. एकीला सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील? ती "हो मॅडम" म्हणाली. तिच्या नखांत काहीतरी पांढरं अडकलं होतं. मी म्हणाले, नखं स्वच्छ ठेवत जा.

मी कठोर होते का? नाही. कारण तर प्रत्येकाकडे असतं. उलट मला वाटतं, तिच्या आईनेच तिला पाठवलं असावं.

१८ नोव्हेंबर

प्रदर्शन झालं. सगळं आजच लिहून ठेवते.

पालकांना वरच्या सज्जात बसवलं होतं. खाली मुलं, प्रत्येकासमोर एक टेबल, त्यावर सुटे भाग. घंटा वाजली आणि पाचच मिनिटांत सज्जातून आवाज आला, "लाल वायर आधी! अरे लाल!" ते कंत्राटदार होते. त्यांच्या मुलाने पुलावरच्या दिव्यांची लाल वायर उचलली आणि वर बघून विचारलं, "कुठे लावू?" अख्खं सभागृह हसलं. जाहिरातवाल्या बाई कठड्यावरून हातवारे करत होत्या. त्यांची मुलगी ते बघून बिचारी स्वतःच हातवारे करायला लागली. प्राचार्यबाईंना उठून शांततेची विनंती करावी लागली. पूल दोनदा पडला.

मी माइक घेऊन परीक्षकांबरोबर टेबलांवरून फिरत होते. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. न्यायाचा आनंद म्हणावा असा.

मग म्याऊचं टेबल आलं. तिने माणसाचा कान केला होता. फुग्याच्या रबराचा पडदा आणि त्यामागची तीन हाडं, हातोडा, ऐरण, रिकीब, प्रत्येक तळहाताएवढं. आत शंखासारखा वळलेला भाग. पडद्याशी बोललं की हाडं एकामागून एक हलणार, अशी रचना. हाडं इतकी गुळगुळीत होती, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक उचललं आणि नखाने टकटक केलं. "हे तर दातांच्या दवाखान्यातलं प्लास्टर," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. हाडांच्या टोकांना करवतीने कापल्याच्या ताज्या खुणा होत्या.

तिने पडदा बसवला. हातोडा बसवला. ऐरण चिकटवून बोटांनी धरून ठेवली, बराच वेळ. बोटं काढली, ऐरण पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. मग रिकिबीचा एक पाय मोडला. ती मोडलेल्या पायाकडे बघत राहिली.

माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "ज्याने केलं असतं, त्याला जोडता आलं असतं. पुढचं टेबल."

सज्जात कुणीतरी टाळी वाजवली.

"थांबा!" तिची आई कठड्याशी उभी होती. "ते तिने केलंय."

आता हशा पिकला. त्या लाल झाल्या, पण बसल्या नाहीत. "गेल्या वर्षीचा ज्वालामुखी मी केला होता, हो! त्याआधीचं मधमाश्यांचं पोळंही मीच. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुमचं मला ठाऊक आहे. पण याला मी हात लावलेला नाही. तिने लावू दिला नाही मला."

"अहो डॉक्टर," कंत्राटदार म्हणाले, "आमचाही पूल पडलाच की. घ्या मान्य करून, हलकं वाटतं."

म्याऊ वर बघून म्हणाली, "आई, चल ना." तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

संध्याकाळी ठरलं, की ज्यांना जोडता आलं नाही त्यांच्या प्रगतिपत्रकावर 'काम स्वतःचे नाही' असा शेरा द्यायचा आणि त्यांना सुट्टीतल्या विज्ञान शिबिराला पाठवायचं नाही. वर्गशिक्षिका म्हणून माझ्या वर्गाचे शेरे मीच लिहिले. म्याऊचा लिहिताना पेन अडलं नाही.

१९ नोव्हेंबर

घरी गेले होते. अण्णांनी सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली. 'अरे लाल' ऐकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मास्तरीण, चांगली जिरवलीस!" मग शेजारच्या शिंप्याला हाक मारून तिसऱ्यांदा सांगायला लावली. "माझी पोरगी. भल्याभल्या साहेबांना भर सभेत खोल-बसव करायला लावलं." म्हाताऱ्या शिंप्याने मला हात जोडले.

आई म्हणाली, "त्या डॉक्टरबाईला फार दुखवू नकोस. अजून कायम व्हायचीयस."

कानाचं मी थोडक्यातच सांगितलं. का कोण जाणे.

२७ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंनी तक्रार केली आहे. प्राचार्यबाई म्हणाल्या, लक्ष देऊ नका, दर वर्षी कुणीतरी करतंच. सरांनी स्वतः चहा आणून दिला. "आम्ही इतकी वर्षं नुसते विनोद करत बसलो. तुम्ही करून दाखवलंत." आता शिक्षकांच्या खोलीत मी खिडकीजवळ बसते. तिथे जागा ठेवतात माझ्यासाठी.

५ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच लिहिते.

आज घटक चाचणी होती. मी बाकांमधून फिरत होते. म्याऊचा पेपर लवकर झाला होता. ती बाकाखाली काहीतरी करत होती, डोकं खाली, खांदे आवळलेले. कॉपी असेल म्हणून मी पाय न वाजवता गेले आणि हात पुढे केला. "दे इकडे."

तिने माझ्या तळहातावर खडूचा तुकडा ठेवला. खडूची रिकीब होती. नखाएवढी, दोन बारीक पाय, मध्ये आरपार भोक, खाली चपटा तळवा. दुसऱ्या हातात कंपासपेटीतला कर्कटक होता.

तिने ती करताना माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. नुसता चाळा म्हणून करत होती, दुसऱ्या कुणी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढावीत तशी.

पेपर गोळा झाल्यावर तिला थांबवलं. "हे कुठे शिकलीस?"

"आईच्या दवाखान्यात. शाळा सुटली की मागच्या खोलीत बसते ना मी. तिथे दात बनवतात. ते काका उरलेलं प्लास्टर देतात मला."

"मग तू त्या दिवशी काही बोलली का नाहीस?"

तिने जरा विचार केला. खरंच विचार केला, टोमणा नव्हता त्यात. "बोलले होते, मॅडम. वाळायला वेळ लागतो म्हणून."

मी खडू परत दिला. "जा," म्हणाले. पेपर मोजायला बसले आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता.

६ डिसेंबर

प्रयोगशाळेतलं प्लास्टर कालवून दोन तुकडे ओतले, कापले, पुन्हा चिकटवले. तास संपला तरी बोट लावलं की हलत होते. ते तसेच ठेवून आले.

मला एवढी खात्री कशाने वाटली होती? ती वस्तू वाईट असती, वेडीवाकडी असती, तर मी म्हणाले असते, ही हिने केलीय. सुबक होती म्हणून तिची नव्हती. जिच्यासाठी फाटकाशी गाडी उभी असते, तिच्या हातात असं काही असेल हे मला पटलंच नाही. पटवून घ्यायचं नव्हतं. हात आमचे, पैसा त्यांचा, अशी वाटणी मी मनात करून ठेवली होती आणि त्या वाटणीत मला बरं वाटत होतं.

७ डिसेंबर

तुकडे घट्ट बसले आहेत. हाताने सुटत नाहीत.

८ डिसेंबर

प्राचार्यबाईंना सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या नेहमीच ऐकून घेतात.

"शेरा काढून टाका," त्या म्हणाल्या. "माझी काहीच हरकत नाही. मुलगी शिबिराला जाईल."

"आणि जे मी सगळ्यांसमोर बोलले?"

"हे बघा, पालक पहिल्यांदा गप्प बसलेत. तुमचा नियम आपण शाळेच्या माहितीपत्रकात घालतोय. आता तुम्ही उभ्या राहून चुकलं म्हणालात, की उद्या प्रत्येक पूल आपोआप उभा राहील." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव याच महिन्यात जातोय. मी हे काही दबाव म्हणून सांगत नाही हं."

नाहीच. त्या तशा नाहीत. त्यांनी मला पहिल्यापासून सांभाळून घेतलंय.

शेरा खोडला, नवं प्रगतिपत्रक लिहिलं. मुलीचं नुकसान टळलं, हे महत्त्वाचं. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

११ डिसेंबर

जिन्यात ती एकटी दिसली. मी म्हणाले, "माझी चूक झाली. ते तुझंच होतं."

"ठीक आहे, मॅडम."

"शिबिराला जाशील ना?"

"आईला विचारते."

ती भिंतीला चिकटून उभी होती, मला जायला वाट म्हणून. मी गेले. खाली पोचल्यावर लक्षात आलं, की बोलले तेव्हा माइक होता आणि माफी मागताना मी आजूबाजूला कुणी नाही ना, हे आधी बघून घेतलं होतं.

१५ जानेवारी

शेवटी आज डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेले. बाहेर बसलेल्या मुलीने विचारलं, "कुठला दात?" मी म्हणाले, दात नाही. "मग हिरडी?" शेवटी शाळेचं नाव सांगितलं, तर तिने लगेच आत सोडलं.

आत बसायला दुसरी जागा नव्हती. डॉक्टरबाईंनी पेशंटच्या खुर्चीकडे हात केला. मी टेकले, आणि ती खुर्ची अशी, की माणूस आपोआप मागे कलंडतो. दिवा बरोबर तोंडावर. त्याच अवस्थेत, छताकडे बघत, मी त्यांची माफी मागितली.

त्यांनी मास्क खाली केला. मला वाटलं होतं, ओरडतील. मी त्याची तयारी करून गेले होते.

"तुम्ही कशाला माफी मागता, मॅडम? चूक माझी."

"तुमची कसली?"

"एकटीला करू दिलं. म्हटलं, नववीत आहे, मागे लागलीय, करू दे एकदा. रोज मागच्या खोलीतून खरखर ऐकू यायची. कितीदा दारापर्यंत जाऊन परत आले. तुम्हाला नाही कळायचं, काय जड जातं ते." त्या हातमोजे काढत होत्या. "आणि बघितलंत ना, काय झालं? बाकीच्यांचं पडलं तर हसण्यावारी गेलं. आमचं पडलं तर ती चोर."

मी उठून बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"आता एकजण ठेवलाय," त्या म्हणाल्या. "मॉडेलं करून देतो. सगळी नटबोल्टची, सुटी होतात. वर जोडायचा सरावही करून घेतो. तुमच्या नियमानंतर त्याच्याकडे रांग लागलीय. कंत्राटदारांनीच नंबर दिला."

"पण तिचा हात इतका चांगला आहे."

"मला माहीत नाही होय? मला एकटीलाच माहीत होतं, मॅडम." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही हे सगळ्यांसमोर बोलाल? एकदाच. पुढच्या पालकसभेत. तुम्ही बोललात तर मी त्या माणसाला आजच नको म्हणून सांगते."

मला हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "प्राचार्यबाईंना विचारून बघते."

"हं," त्या म्हणाल्या आणि दिवा बंद केला. "खुर्चीचं बटण उजवीकडे आहे."

३ फेब्रुवारी

पालकसभा झाली. मी पहिल्या रांगेत होते. नियमाबद्दल प्राचार्यबाईंनी माझं कौतुक केलं आणि उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. मी "धन्यवाद" म्हणाले आणि बसले.

९ फेब्रुवारी

कायम झाले. कळल्यावर अण्णांनी दिवसभर काम बंद ठेवलं म्हणे.

१७ फेब्रुवारी

आज आमच्या सभागृहात सगळ्या शाळांचं मिळून प्रदर्शन होतं. जोडून दाखवायचा नियम आता सगळ्यांनीच घेतलाय. या वेळी सज्जातून कुणी ओरडलं नाही. गरजच नव्हती. मुलं एका लयीत हात चालवत होती, कवायतीसारखी.

म्याऊने कानच आणला होता. नवा. प्लास्टिकची रंगीत हाडं, चकचकीत बोल्ट, प्रत्येक भागावर छापील क्रमांक. तिने पाना घेतला आणि एकदाही न थांबता सगळं बसवलं. पडद्यावर टिचकी मारली. तिन्ही हाडं हलली. टाळ्या झाल्या. सज्जात तिची आई टाळ्या वाजवत नव्हती. फक्त बघत होती, तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

परीक्षक नवे होते, वयस्कर, प्रेमळ. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही वर्गशिक्षिका ना? औपचारिकता म्हणून विचारतो. हे तिचं स्वतःचं काम आहे?"

म्याऊने मान वर केली. तिला उत्तर ऐकायचं होतं. मी काय म्हणते ते तिला खरंच ऐकायचं होतं.

नाही म्हणावं, तर पुन्हा एकदा सगळ्यांसमोर चोर तीच. हो म्हणावं, तर हे विकतचं तिचं ठरतं आणि ते पहिलं तिचं नव्हतं. तिसरं काही बोलायचं, तर त्या पहिल्या दिवसापासून सगळं बोलावं लागलं असतं, आणि परीक्षक पेन उघडून उभे होते.

"हो," मी म्हणाले. "तिचंच आहे."

त्यांनी लिहून घेतलं आणि पुढे गेले. म्याऊने पाना घेतला आणि एकेक भाग काढून पेटीतल्या खाचांत ठेवायला लागली. काहीतरी करावं म्हणून मी एक हाड उचललं आणि खाच शोधू लागले.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. माझ्या हातातून तिने ते हळूच काढून घेतलं. "तुम्हाला नाही जमायचं. याचा क्रम पाठ करावा लागतो."